सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप: 'पुढे सगळं अपग्रेड होतं' हे कितपत खरं?

तुम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक वापरलेला लॅपटॉप बघितलाय: आय-फाइव्ह ११४००एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. दुकानदार म्हणतोय की पुढे सगळं अपग्रेड होतं. घ्यावा का, असं विचारलंय.

सगळं होत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप, दोन्ही मदरबोर्डला सोल्डर केलेल्या असतात (जुने मोजके अपवाद सोडा). आज जे ग्राफिक्स घ्याल तेच शेवटपर्यंत. त्यामुळे पैसे ग्राफिक्सचे मोजा. रॅम ८ जीबीच आहे म्हणून नाक मुरडू नका आणि ३२ जीबी टाकून ठेवलीय म्हणून भुलूही नका.

३०५०ची खरी अडचण म्हणजे तिची ४ जीबी व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी. नव्या गेममध्ये टेक्स्चर (चित्रांचे बारकावे) हायवर नेलं की ती भरते आणि गेम अडखळतो, मग साधी रॅम कितीही वाढवा. थोडे जास्त घालून ६ जीबीची ३०६० मिळत असेल तर माझं मत सरळ तिलाच. फक्त नावावर जाऊ नका. लॅपटॉपची ३०६० साठ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत येते, ३०५० पस्तीसपासून ८० पर्यंत. कमी वॅटची ३०६० आणि पूर्ण वॅटची ३०६० यांत चांगलाच फरक पडतो, आणि जाहिरातीत तो कुणी लिहीत नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा, तिथे 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' दिसते.

आता वाढवता येणाऱ्या गोष्टी. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी: तिथे दोनपैकी किती स्लॉट भरलेत ते कळतं. फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती रॅम बोर्डलाच चिकटलेली आहे. ११४००एचला डीडीआर४ प्रकारची रॅम, ३२०० वेगाची लागते. डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. बाराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपमध्ये दोन्ही प्रकार आढळतात, तिथे आधी बघून मगच खरेदी. एकच ८ची स्टिक असेल तर जोडीला दुसरी ८ची टाका. ड्युअल चॅनेल झाल्यावर (दोन्ही स्टिक एकत्र चालू लागल्यावर) गेममधले झटके कमी होतात. भाव मात्र त्याच आठवड्यात विचारा, रॅमचे भाव एका जागी थांबत नाहीत. एसएसडीसाठी दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) आहे का आणि तो ८० मिमी लांबीचा (२२८०) आहे की आखूड ४२ मिमीचा (२२४२), हे दुकानातच झाकण उघडून दाखवायला सांगा. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर १४४ करण्याच्या नादी लागू नका. ६०च्या पॅनेलची केबल बहुधा ३० पिनची असते, १४४ला ४० पिनची लागते.

चाचणी चार्जर लावूनच करा. ओएलएक्सवरचा विक्रेता 'दादर स्टेशनला पुलाखाली भेटू' म्हणाला तर नको म्हणा. बॅटरीवर ग्राफिक्स मुद्दाम कमी ताकदीवर चालतं, तिथे काहीच कळत नाही. प्लग असलेली जागा गाठा, तापमान आणि वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा आणि ग्राफिक्सवर पूर्ण ताण देणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालवा. ग्राफिक्सचे वॅट कमाल आकड्याच्या आसपास टिकले पाहिजेत. तापमान ८७ अंशांच्या आसपास जाऊन वॅट कोसळत असतील तर पंख्यात धूळ किंवा चिपवरची थर्मल पेस्ट सुकलेली. हे दुरुस्त होतं, त्यावर भाव पाडा. तापमान कमी असूनही वॅट चढत नसतील तर चार्जरचं लेबल वाचा. मूळ १८० किंवा २३० वॅटच्या जागी कमी वॅटचा डुप्लिकेट गळ्यात मारलेला असू शकतो. नंतर प्रोसेसरवर ताण देणारं सिनेबेंच एकटं चालवा. प्रोसेसर ९५ अंशांना गेला तर घाबरू नका, पण वेग २.७ गिगाहर्ट्झच्या (११४००एचचा मूळ वेग) बराच खाली बसला तर कूलिंगमध्ये गडबड आहे.

मुंबईत आणखी एक गोष्ट बघावीच लागते: दमट, खारी हवा. मोबाइलचा टॉर्च मागच्या जाळीत मारा. हीटसिंकच्या पात्यांवर किंवा यूएसबी पोर्टमध्ये पांढरट-हिरवट थर, खालच्या स्क्रूंना गंज, असं दिसलं तर कितीही स्वस्त असला तरी सोडा. बाहेर जे दिसतं तेच आत बोर्डवर चाललेलं असतं, आणि ते आज नाही तर पुढच्या पावसाळ्यात बोर्ड घेऊन जातं.

बिजागरी तपासताना झाकण एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडा. त्या बाजूची पट्टी उचकली गेली तर आतले पितळी नट प्लास्टिकमधून सुटलेत. टचपॅड वर आलंय किंवा दाबलं जात नाही, म्हणजे खाली बहुधा बॅटरी फुगलीय. असा लॅपटॉप चार्जिंगलाही लावू नका. बाकी बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक स्पेस, मग 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट'. फुल चार्ज कपॅसिटी डिझाइन कपॅसिटीच्या ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करा.

पैसे देण्याआधी लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) शिरा (बऱ्याच मॉडेलवर एफ२ किंवा डिलीट). पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. नाही मागितला तर तिथला सिरियल नंबर, तळावरचा स्टिकर आणि मूळ बिल, तिन्ही जुळवा, आणि बिल नसेल तर दुकानाच्या पावतीवर तो नंबर लिहून घ्या.