फायब्रिनोजेनच्या गुठळ्या आणि डीएमएलटीचा प्रश्न

सोलापूरहून मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने लिहिलं आहे: "प्रोजेक्टसाठी माणसाच्या रक्तातून शुद्ध केलेलं फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) आणलं होतं. बर्फावर ठेवून व्होर्टेक्सवर (नळी जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) हलवलं तर गुठळ्या झाल्या, सगळं वाया गेलं. वडील यंत्रमागावर कामाला आहेत. ते म्हणतात, डीएमएलटी (वैद्यकीय लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) कर, लवकर नोकरी लागेल. मला प्रथिनांचंच काम करायचंय. जमेल का?"

जमेल. आधी गुठळ्यांचं बघू. इतर प्रथिनं बर्फात ठेवायची सवय हाताला लागलेली असते, पण फायब्रिनोजेन गारठलं की द्रावणातून बाहेर पडतं. जोरात हलवलं की फेस येतो आणि त्या फेसात रेणूंची घडी मोडते. पुढच्या वेळी बाटली फ्रीझरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नकोस, नाहीतर पावडर हवेतली ओल ओढते. मग ३७ अंशाचं ०.९ टक्के सलाइन (मिठाचं पाणी) कडेने सोड आणि अर्धा तास तरी बाटली शांत ठेव. अधूनमधून हलकेच फिरव, बस. उरलेली कोरडी पावडर लगेच परत फ्रीझरमध्ये. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये टेबलावर विसरलीस, तर ते खोलीचं तापमान राहत नाही.

आणखी एक चूक फार जण करतात. १० मिग्रॅ पावडर म्हणजे १० मिग्रॅ प्रथिन नव्हे, तिच्यात सायट्रेट आणि मीठही असतं. म्हणून द्रावण २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजायचं. १ मिग्रॅ प्रति मिलि द्रावणाचं शोषण साधारण १.५ येतं. ०.७५ आलं, तर प्रति मिलि अर्धा मिग्रॅ. द्रावण गढूळ असेल तर आकडा फुगतो, म्हणून ३२० नॅनोमीटरचं वाचनही घे आणि ते वजा कर.

आता वडिलांचं म्हणणं. ते चुकीचं मुळीच नाही. डीएमएलटी रुग्णाचे नमुने तपासायला शिकवतं आणि घराला आधार लवकर मिळतो. पण प्लाझ्मातून प्रथिन वेगळं काढणं, क्रोमॅटोग्राफीचे (मिश्रणातले घटक वेगळे करण्याचे) कॉलम भरणं, एलायझा (प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखण्याची चाचणी) बसवणं हे त्यात फारसं येत नाही. त्यासाठी बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी हवी. त्याच्या प्रवेश परीक्षा, जॅम आणि गॅट-बी, दोन्ही दे. निव्वळ संशोधनासाठी रक्तप्रथिनं बनवणाऱ्यांकडे जागा थोड्याच असतात, पण हेच कौशल्य लस, निदान किट आणि औषधांच्या गुणवत्ता तपासणीतही लागतं. त्यामुळे घरी 'संशोधन' एवढंच सांगू नकोस, या नोकऱ्यांची नावं घेऊन बोल. प्रवेश नाही मिळाला तर डीएमएलटी तेव्हाही करता येईल.

तोवर कॉलेजात अंड्याच्या पांढऱ्यावर अमोनियम सल्फेटने प्रथिन खाली बसवायचा आणि ब्रॅडफर्डचा (रंगावरून प्रथिन मोजण्याच्या चाचणीचा) आलेख काढायचा सराव कर. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी तपासून आलेलं मानवी प्रथिनही संसर्गजन्य समजूनच हाताळायचं असतं. हेपॅटायटिस बीची लस आधी घेतली नसेल, तर तिचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. पहिला याच महिन्यात घे.