‘मी कोण?’ या विषयात नव्याने उतरताय?

प्रश्न चांगला निवडलात, पण माणूस स्वतःला कसा ओळखतो यावर लिहिणारे मीड आणि गॉफमन हे अभ्यासक लगेच वाचायला बसू नका. आधी कागद घ्या आणि ‘मी कोण?’ याची वीस उत्तरं झरझर लिहून काढा. कुन आणि मॅकपार्टलंड या समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडलेली ही साधी चाचणी आहे. ‘मुलगी’, ‘कोल्हापूरची’, ‘बँकेत आहे’ अशी समाजातलं स्थान सांगणारी उत्तरं एकीकडे. ‘भित्री’, ‘हट्टी’ अशी स्वभावाची दुसरीकडे. पहिल्या गटातली उत्तरं बहुधा आधी सुचलेली असतात.

मग घरातल्या एखाद्या आजीला बोलतं करा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, त्यानंतर माहेरचं नाव कोणाकोणाच्या तोंडी उरलं? सासरी नव्या नावाने हाक आली की पटकन ओ दिली जायची का? इथे घाई नको. कोणासमोर बसायचं, कोणासमोर उभं राहायचं, कोणाचं नाव घ्यायचं नाही, हे सगळं याच गप्पांतून निघतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ‘पाश्चात्त्य माणूस व्यक्तिवादी, आपण कुटुंबवाले’ असं सरसकट लिहून मोकळे होतात. अहो, एकाच गावात जात, वर्ग, बाई-पुरुष यांनुसार ‘मी’ बदलतो.
- आजीला आधीच बिचारी ठरवतात. काहींना नवं नाव आवडलेलंही असतं!

समाजशास्त्रज्ञ कूली यांची १९०२ मधली कल्पना तेवढी सोबत ठेवा: लोकांना आपण कसे दिसत असू, याच्या अंदाजावर आपण स्वतःला जोखतो. बाकीचे सिद्धांत दोन-तीन गप्पा नोंदवून झाल्यावर.