इतवारीच्या गल्लीत आग लागली तर गाडी पोचते का?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या इतवारीत जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या माळ्यावर रूम घेताय, तर आग लागली की १०१ लावायचा की ११२, अन् फायर ब्रिगेडची गाडी वेळेत येते का.

फोनचं आधी सांगतो. आगीला मी तरी १०१ च लावीन. ११२ पण चालतो पण तो कॉल आधी नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या राज्य केंद्रात जातो अन् तिथून जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला, चाकूबाजी मारामारी असेल तर तोच लावा, कोणी जखमी असेल तर १०८. पत्ता मात्र "अमक्याच्या दुकानामागे" असा नका सांगू, चौक सांगा, अन् एक पोरगा त्या चौकात उभा करा गाडीला गल्ली दाखवायला.

आता गाडीचं. मी इतवारीतच वाढलो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी आमच्या बिल्डिंगच्या मीटर बॉक्सनं पेट घेतला. मे मधे काय असतं माहीतच आहे, पंचेचाळीस डिग्री, घरोघरी दोन दोन कूलर, वरून एसी, अन् वायरिंग आजोबांच्या काळातलं. गाडी चौकात लवकर आली हो, खोटं कशाला बोलू. पण चौकातून आमच्या दारापर्यंत हातगाड्या, दुकानाबाहेर आलेला माल अन् आडव्या लावलेल्या बाईक, मग त्या लोकांनी पाईप खांद्यावर घेऊन पळत आणला. त्यांना शिव्या घालणारे पण तिथंच उभे होते, ज्यांच्या बाईक होत्या तेच.

खरी गंमत जिन्यात झाली, म्हणजे गंमत कसली. मीटर जिन्याखाली अन् त्याच्या बाजूला चार गाड्या पेट्रोल भरलेल्या. धूर सरळ वर, जिना म्हणजे चिमणीच ना. तिसऱ्या माळ्यावरचे लोक घाबरून गच्चीकडे धावले अन् गच्चीला कुलूप! चावी घरमालकाकडे, घरमालक लग्नाला. नशीब एका काकूंनी सगळ्यांना ओढून आपल्या घरात घेतलं, दार लावलं, फटीत ओल्या चादरी कोंबल्या अन् सगळे रस्त्याकडच्या गॅलरीत उभे राहिले. सगळे वाचले. काकूंना हे कोणी शिकवलं विचारलं तर म्हणे "धूर आत येत होता म्हणून फट बुजवली, त्यात काय शिकायचं."

लोकांना वाटतं माणूस जळून मरतो. बहुतेक वेळा धूरच आधी मारतो. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ ला जिल्हा रुग्णालयात १० बाळं गेली, त्यातली ७ गुदमरूनच गेल्याचं तेव्हा सांगितलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या नागपूरजवळच्या वाडीच्या कोविड हॉस्पिटलला आग लागली, ४ जण गेले. म्हणून जिन्यात धूर दिसला की त्यात शिरायचं नाही, ना वर ना खाली. लिफ्ट तर नाहीच. अन् मीटरच्या आगीवर बादलीभर पाणी मारणारा एक हिरो प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतोच, त्याला धरून ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर २००६ चा महाराष्ट्राचा फायरचा कायदा आहे, त्यात ज्या बिल्डिंगला आगीपासून बचावाची यंत्रणा लागते तिच्या मालकानं दर जानेवारी अन् जुलैला ती चालू असल्याचं सर्टिफिकेट द्यायचं असतं. इतवारीत घरमालकाला हे विचारलं तर तो तुमच्याकडे असा पाहील की बस.

त्यापेक्षा रूम बघायला जाल तेव्हा जिन्याखाली काय ठेवलंय ते बघा अन् गच्चीची एक चावी मागा, ॲडव्हान्स द्यायच्या आधी. "चावी कशाला लागते तुम्हाला" असं म्हणाला तर सरळ नागपूरच्याच महाल भागात रूम बघा. गल्ल्या तिथंही तशाच आहेत म्हणा.