थिंकपॅडचा हीटसिंक बदलताना

मित्रा, तुझा थिंकपॅड टी480 लॅपटॉप तापतोय म्हणून लगेच नवा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) मागवू नकोस. आधी फिन्समधला (हीटसिंकच्या पातळ पात्यांमधला) कचरा काढून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावतात ती उष्णतावाहक पेस्ट, बदलून बघ. बरेचदा तेवढ्यानेच भागतं. हीटपाइप (हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी नळी) चेपलेला असेल किंवा पंखा खरखरत असेल, तर मात्र बदलच. या मॉडेलमध्ये हीटसिंक आणि पंखा एकत्रच येतात. मागवताना जुन्या भागावरचा एफआरयू क्रमांक (सुट्या भागाचा क्रमांक) जुळव. वेगळ्या ग्राफिक्स चिपवाल्या मशीनचा हीटसिंक वेगळा असतो, आणि फोटोवरून हा फरक पटकन लक्षात येत नाही.

बाहेरची बॅटरी काढली म्हणजे वीज बंद झाली असं समजू नकोस. आत दुसरी असते. सुरू करताना एफ1 दाबून बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा, कॉन्फिग, मग पॉवर, आणि तिथून आतली बॅटरी बंद कर.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे छापलेले असतात. कसताना त्याच क्रमाने, थोडं थोडं, आळीपाळीने. सोडवताना उलट्या क्रमाने. एकच कोपरा आधी करकचून आवळलास तर सगळा दाब एका बाजूला येतो, आणि खाली प्रोसेसरची उघडी डाय (मूळ सिलिकॉन चिप) आहे, वर धातूचं झाकण नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, ब्लेडने खरवडू नकोस. नवी पेस्ट डायवर पातळ पसरव. लिक्विड मेटलच्या (पेस्टऐवजी वापरतात त्या द्रव धातूच्या) नादी पहिल्याच वेळी लागू नकोस, ते वीजवाहक असतं.

पंख्याची वायर धरून ओढू नकोस, कनेक्टर नखाने अलगद सोडव.