दुसऱ्या वर्षी चादरी कोणी धुतल्या?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार महिने दप्तरखान्यात धूळ खाल्लीस आणि हाती लागली जुन्या इस्पितळाची कोळशाची, दुधाची, फिनेलची, धोब्याची बिलं. तुझे सर म्हणतात, यात प्रबंध नाही, एखादा दानशूर घे आणि त्याच्यावर लिही. तूही डळमळलीस. "बाई, यात गोष्टच नाही," हे तुझं वाक्य वाचलं आणि मी पत्र खाली ठेवून चहा करायला उठले. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर रागाने लिहिलं असतं.

अगं, गोष्ट तिथेच आहे. इस्पितळ कोणी बांधलं हे कोनशिलेवर लिहिलेलं असतं, ते वाचायला तुझी काय गरज? तू एकच विचार: उद्घाटनानंतर, दुसऱ्या वर्षी खर्च कोणी केला?

जुन्या देणगीदारांपैकी शहाण्या माणसांना हा प्रश्न कळत होता. जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये देताना तेवढेच सरकारनेही घालावेत असं ठरवून घेतलं, तेव्हा कुठे 1845 साली जे. जे. उघडलं. सगळ्यांना हे सुचलं नाही. 1885 साली लेडी डफरिन यांच्या नावाने निधी निघाला, ठिकठिकाणी बायकांची इस्पितळं उभी राहिली. पण तिथे शिकलेल्या डॉक्टर बायका टिकाव्यात म्हणून सरकारी अनुदानावर विमेन्स मेडिकल सर्व्हिस निघाली ती 1914 साली. मधली 29 वर्षं कोणी रेटली? लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या डॉ. रखमाबाईंचा खटला आपल्याकडे शाळकरी पोरींनाही ठाऊक असतो. त्यानंतर त्यांनी सुरतेला आणि राजकोटला मिळून तीन दशकांहून जास्त काळ इस्पितळ चालवलं, त्यावर आपण एक ओळ लिहितो, "पुढे त्यांनी वैद्यकीय सेवा केली." मला या ओळीची चीड येते. सेवा केली म्हणजे काय केलं? पाणी कुठून आणलं? दाई रजेवर गेली की रात्री कोण जागलं?

परळचं के. ई. एम. घे. 1926 साली उघडलं. नाव राजा एडवर्डचं, कॉलेजला पैसा सेठ गोर्धनदास सुंदरदासांच्या ट्रस्टचा, आणि ती प्रसिद्ध अट, की शिकवणारे भारतीय असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत. अट मोठीच होती, मला तिचा अभिमान आहे. पण खाटा रोज चालायच्या त्या महापालिकेच्या पैशावर, म्हणजे मुंबईकरांच्या करावर. असहकाराच्या लाटेत 1921 साली निघालेलं राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डॉ. ए. एल. नायरांचं रुग्णालय, तेही 1946 साली महापालिकेकडेच आलं. आणि इंग्रजांच्या 1919 च्या कायद्याने दवाखाने आपल्या मंत्र्यांच्या हाती दिले खरे, पण अर्थखातं राखीव, म्हणजे गव्हर्नरच्या बाजूला ठेवलं. घर सुनेचं आणि किल्ल्या सासूच्या कमरेला! त्या काळातल्या मंत्र्यांना नावं ठेवण्याआधी एवढं लक्षात ठेव.

आता चादरींकडे ये. माझी नोकरी इस्पितळाच्या वॉर्डात गेली, तेव्हा इथे तुझ्या सरांपेक्षा मला जास्त कळतं.

ज्या वर्षांची बिलं तुझ्यापुढे आहेत तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्यासुद्धा 1930 च्या दशकाच्या शेवटी शेवटी आल्या. विषमज्वराचा पेशंट तीन-तीन आठवडे नुसत्या शुश्रूषेवर जगवायचा. ओली किंवा चुरगळलेली चादर पाठीखाली राहिली की बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, होतो. तो चिघळला की ताप उतरलेला माणूसही हातचा जातो. म्हणजे धुतलेली, वाळलेली, ताणून घातलेली चादर हे तेव्हा औषधच होतं. एका खाटेला तीन चादरी लागतात: एक अंगाखाली, एक धोब्याकडे, एक कपाटात. पावसाळ्यात चार. हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या इनचार्ज सिस्टरकडून शिकले, पुस्तकातून नाही. तुझ्या वहीत खाटा किती आणि चादरी किती ते बघ. खाटेमागे दोनच पडत असतील तर समज, जुलैमध्ये त्या वॉर्डात माणसं दमट चादरीवर नाहीतर उघड्या गादीवर झोपत होती. वार्षिक अहवालात असं वाक्य कोणी लिहिणार नाही. धोब्याच्या वहीत ते आहे, आणि तू म्हणतेस गोष्ट नाही!

दुधाचंही तसंच. तापाच्या पेशंटला दुधावर ठेवत. 1918 च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची खरी लाट सगळ्या इलाख्यावर फिरली. त्या दोन महिन्यांची दुधाची बिलं काढ. वाढली असतील तर किती, आणि पैसे कधी चुकते झाले? वाढली नसतील तर ते जास्त भयंकर आहे. कोळसा कमी झालेला दिसला तर पाणी कमी उकळलं गेलं, अवजारं कमी शिजली. आमच्याही उमेदवारीत काचेच्या सिरिंज उकळत होतो, सुयांना धार लावत होतो, हातमोजे धुऊन पावडर लावून पुन्हा निर्जंतुक करायच्या ड्रममध्ये भरत होतो. त्यामुळे ती बिलं मला परकी वाटत नाहीत. त्यांच्यामागचे हात मला दिसतात. पाणी भरणारे भिस्ती, धोबी, मैला वाहणारे, आया, यांची नावं दुसरीकडे कुठे सापडणार आहेत तुला? बहुधा फक्त पगारपत्रकात, आणि तिथेही अंगठ्याच्या खुणेशेजारी.

आता माझं सांगते. सांगायचं नव्हतं, पण तुझ्या पत्रामुळे झोप लागली नाही.

मी मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख, असताना एक तपासणी पथक येणार होतं. जुन्या स्टोअरमध्ये कपाटं भरून रजिस्टरं होती, लिनन, डाएट, डेड स्टॉक म्हणजे कायमचं सामान, काही पार इंग्रजी अमदानीतली. वाळवी लागलेली, छत गळणारं, आणि सलाइनचे खोके ठेवायला जागा नाही. निकामी सामान काढून टाकायला मंजुरी देणाऱ्या कंडेमनेशन कमिटीत तिसरी सही माझी होती. मी सही केली. दुपारी टेम्पो आला आणि रद्दी गेली. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "बाई, चांगला कागद होता हो." एवढंच.

मी काय करायला हवं होतं? खोके पावसात ठेवायचे? जिवंत पेशंटचं सलाइन आधी की मेलेल्यांच्या वह्या आधी? हा प्रश्न मी स्वतःला वीस वर्षं विचारते आहे आणि दर वेळी उत्तर येतं, सलाइन आधी. तरीही चार वह्या घरी नेता आल्या असत्या. नेल्या नाहीत, कारण तेव्हा मलाही वाटत होतं की यात गोष्ट नाही.

आणि मी काही गप्प बसणारी नव्हते. एका संस्थेने वीस खाटांचा कक्ष बांधून दिला, तेव्हा मी लिहून दिलं की साठ चादरी आणि धोब्याच्या वाढीव खर्चाची मंजुरी आल्याशिवाय मी त्याचा ताबा घेणार नाही. फीत कापायची तारीख ठरलेली होती. साहेब चिडले, आठ महिन्यांत माझी बदली झाली. माझी मैत्रीण म्हणते, थोडं नमतं घ्यायला हवं होतंस. नाही. दुसऱ्या वर्षी त्या चादरी कोण देणार होतं? मी बरोबर होते, आणि आज विचारलंस तरी तेच लिहून देईन.

तेव्हा दानशूरावर लिही असं सर म्हणाले तर जरूर लिही, देणाऱ्याचा हात लहान नसतो. पण त्याच्या प्रकरणानंतरचं प्रकरण दुसऱ्या वर्षाचं असू दे, आणि तिसरं पाचव्या वर्षाचं. ते सरांना पटत नसेल तर मला सांग, मी त्यांच्याशी बोलते.

ठेकेदारांच्या पावत्या मोडीत असतील तर घाबरू नकोस, मोडी महिन्या-दोन महिन्यांत येते. अक्षर लागलं नाही तर झेरॉक्स काढून रविवारी इकडे ये. औषधांची आणि कापडाची जुनी इंग्रजी नावं मी लावून देईन. त्या कमिटीच्या यादीची कार्बन प्रत माझ्याजवळ आहे, तीही दाखवते. वह्यांची नावं त्यात नाहीत, फक्त वजन आहे. येताना धोब्याची वही आधी आण, दुधाची नंतर.

तुझी,
बाई