अपघातानंतर डॉक्टरांनी पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर होणारा मनाचा आजार) सांगितलाय, पण मला स्वतःचीच लाज वाटते. मी कमजोर आहे का?

भाऊ, लाजेचं मला विचारा. मी पारोळ्याकडचा. कापूस टाकून रात्री रिकामी पिकअप घेऊन परत येत होतो, हायवेवर उभ्या ट्रकला मागून धडकलो. शेजारी बसलेला मित्र गेला, मला हाताला सहा टाके, बस. आणि तेच डोक्यात बसलं, की तो गेला नि मला काय झालंय एवढं?

तेव्हापासून कुठं ट्रकचा एअर ब्रेक फुस्स वाजला की टपरीवर उभ्या उभ्या हातातला चहा सांडायचा. पोरं हसायची, "इतला मोठा गडी व्हईसन घाबरस?" ती विसरून पण गेली असतील, मीच ते रोज रात्री स्वतःला ऐकवायचो. धुळ्यात कोणी बघेल म्हणून डॉक्टर जळगावचा गाठला, घरी सांगितलं कंबर दाखवायला चाललो. तिथं बाकावर गावाकडचेच एक काका, ते म्हणे माझी पण कंबरच. समोर पाटी मानसोपचारतज्ज्ञाची, दोघं गप्प! गोळ्या ॲसिडिटीच्या डबीत भरून ठेवायचो, नि जरा बरं वाटलं की बंद करायचो, दोनदा केलं असं, दोन्ही वेळा झोप परत उडाली. तुम्ही मनाने बंद करू नका.

मग डॉक्टर म्हणाले, "मी कमजोर, चूक माझीच" हे वाटणं पण याच आजारात येतं. मी शोधलं तर खरंच, मानसोपचारवाल्यांचं ते डीएसएम पुस्तक आहे ना, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत स्वतःला उगाच दोष देणं हे लक्षणांच्या यादीतच आहे, दचकणं नि वाईट स्वप्नं यांच्या पंगतीला. म्हणजे तापात अंग तापतं तसंच की हे. तरी पटायला लई वेळ लागला, खोटं कशाला बोलू.

नुसत्या गोळ्यांवर राहू नका, बोलायची थेरपी पण असते, त्यात घडलेलं परत परत सांगायला लावतात. नको वाटतं. पण तिसऱ्या खेपेला सांगताना मला आठवलं की तो ट्रक बिनालाईटचा उभा होता. इतके महिने माझ्या गोष्टीत फक्त माझा डोळा लागला असेल एवढंच होतं.

डॉक्टर लांब पडत असेल तर १४४१६ लावा, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्री पण. फक्त तिथं कंबर सांगू नका.