गटाबरोबर एका दिवसात प्राग बघून होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत एमएस करताय, विद्यापीठातर्फे शेजारच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्रागची एका दिवसाची सहल निघालीय, एक बस आणि पन्नास मुलं. जावं, की पैसे साठवून नंतर एकट्यानं निवांत जावं?

जा. फक्त सहल कोणत्या वारी आहे ते आधी बघून ठेवा. का, ते शेवटी येईलच.

मी ड्रेस्डेनला शिकत होतो. पहिल्याच सेमिस्टरला अशीच सहल निघाली आणि आम्ही पाच मराठी पोरांनी आधी नावं दिली, मग बाकीची चौकशी केली. शनिवारी सकाळी सातची बस. मागच्या बाकावर बसून चपातीला शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली आणि सगळे झोपलो. जाग आली तेव्हा प्राग आलेलं. रस्त्यात काय काय मागे पडलं हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

गटाचा पहिला मुक्काम ठरलेला असतो: जुन्या शहराच्या चौकातलं ओर्लोय, म्हणजे खगोलीय घड्याळ. १४१० सालचं, अजून चालू. दर तासाला सांगाडा दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित फिरून जातात, कोंबडा आरवतो आणि संपलं. आम्ही वीस मिनिटं माना वर करून उभे होतो. मिनिटभरात खेळ आटोपला तेव्हा आमच्यातला साताऱ्याचा मित्र म्हणाला, "एवढंच?" आजूबाजूला दहा भाषांत तेच चाललं असावं.

खरी मजा तास वाजून गर्दी पांगली की असते. तेव्हा पुढे जाऊन तबकडी नीट बघा. ते घड्याळ नाहीच, भिंतीवर टांगलेलं पंचांग आहे. सूर्य कोणत्या राशीत, चंद्र कुठे, त्याची कला कोणती, सगळं काट्यांवर दिसतं. बाहेरच्या कड्यावर जुने चेक तास आहेत, ते सूर्यास्तापासून मोजतात. आपल्या घटिका सूर्योदयापासून, यांचे तास मावळतीपासून. राशी मात्र सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या आहेत, त्यामुळे आपल्या पंचांगाशी ताडून बघाल तर सुमारे २४ अंशांचा घोळ दिसेल. मी मोबाईलवर पंचांग उघडून ताडत बसलो होतो, म्हणून सांगतो.

आमच्याबरोबर एक चेक मुलगी होती, इतिहासात पीएचडी करणारी. गटाबरोबर जाण्याचा फायदा काय, तर ती. घड्याळ संपल्यावर सगळे मोबाईल खिशात घालत होते, तेव्हा ती म्हणाली, जरा पायाखाली बघा. घड्याळ ज्या नगरभवनावर आहे त्याच्या भिंतीलगत फरशीत पांढऱ्या दगडांचे क्रूस बसवलेत, सत्तावीस. १६२० मध्ये पांढऱ्या टेकडीच्या लढाईत हॅब्सबर्ग राजघराण्याविरुद्ध उठलेले बोहेमियाचे (आजच्या चेकच्या पश्चिम भागातले) सरदार आणि नागरिक हरले, आणि पुढच्या वर्षी २१ जूनला त्यांच्यातल्या सत्तावीस जणांना इथे चौकात मारलं. बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या बुरुजावर टांगली, ती दहा वर्षं तिथेच होती. त्यातल्या एका क्रूसावर उभं राहून मी तर्देलनीक खात होतो. हळूच बाजूला झालो.

तर्देलनीक म्हणजे दांड्याला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात आणि साखरेत घोळवतात ते. दुकानांवर 'जुन्या बोहेमियाची परंपरा' वगैरे लिहिलेलं असतं. ती चेक मुलगी म्हणाली, माझ्या आजीनं हे कधी पाहिलंही नव्हतं. मुळात ते स्लोव्हाकिया-हंगेरीकडचं, इथे पर्यटकांमुळे फोफावलं. खायला हरकत नाही, गरम असतं. पण जेवायचं तर शाकाहाऱ्यांनी स्माझेनी सीर मागवावं. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज, बरोबर बटाटे. सोबतच्या पांढऱ्या सॉसमध्ये अंडं असतं, चालत नसेल तर नको म्हणून सांगा.

पैशांचं नीट ऐका, कारण मी पन्नास युरोत धडा घेतलाय. चेकमध्ये युरो नाही, कोरुना चालते. भाव एका युरोला साधारण २४-२५ कोरुना. चौकाजवळच्या एका खिडकीवर 'कमिशन शून्य' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं बघून मी नोट सरकवली. त्यांनी खरंच कमिशन घेतलं नाही, भावच पंधराच्या आसपास लावला. पावती चुरगाळून टाकली. नंतर कळलं की २०१९ पासून तिथे कायदाच आहे: १००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. तुम्ही पावती टाकू नका. त्याहून बरं म्हणजे बदलूच नका, कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. मशीननं 'युरोत की कोरुनात' विचारलं तर कोरुना दाबा. मेट्रो किंवा ट्रॅमसाठी कागदी तिकीट आधी काढून ठेवलंत तर पिवळ्या डबीत घालून शिक्का मारायचा. विनाशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीटच, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. वेगळा व्हिसा लागत नाही, पण येताना जर्मन हद्दीत पोलीस बसमध्ये चढू शकतात.

भेटायची जागा 'घड्याळाखाली' ठरू देऊ नका. तिथे पाचशे माणसं असतात. आमचे दोघं हरवले, बस चाळीस मिनिटं थांबली आणि सगळ्यांनी आम्हा भारतीयांकडेच बघितलं, हरवलेले दोघं स्पॅनिश असूनही. त्याच चौकात यान हुस या धर्मसुधारकाचा केवढा थोरला पुतळा आहे, त्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यावर भेटा.

मग चार्ल्स पूल. पाया १३५७ सालचा, लांबी ५१६ मीटर, १८४१ पर्यंत शहरात नदी ओलांडायला हा एकच पूल. गट जातो तोवर दुपार होते आणि पुलावर दादर स्टेशनचा जिना होतो. संत यान नेपोमुकच्या पुतळ्याखाली कांस्याची पाटी घासून घासून सोन्यासारखी चमकते, तिला हात लावला की माणूस प्रागला परत येतो म्हणतात. मी रांग बघून लावला नाही. तरी परत गेलोच. कठड्याला टेकून जरा पाण्याकडे बघा: ही व्हल्टावा पुढे मेल्निकला एल्बेला मिळते, आणि तेच पाणी ड्रेस्डेनला माझ्या सायकलच्या वाटेवरून जायचं.

किल्ल्यावर आम्हाला दीड तास मिळाला, तो फार कमी पडला. संत व्हिटस कॅथेड्रलचं काम १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला संपलं. आत डाव्या हाताला चित्रकार मुखाची रंगीत काच आहे. तिच्या तळाशी देणगीदार बँकेचं नाव झळकतंय. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर 'कै. अमक्यांच्या स्मरणार्थ' असतं ना, तसं. मला ती काच एकदम घरची वाटायला लागली.

आता वाराचं. चेक मुलीनं मला हळूच सांगितलं होतं, एक तास मोकळा मिळाला तर योसेफोव्हला जा, ज्यूंची जुनी वस्ती. मिळाला, धावत गेलो, तर दार बंद. शनिवार म्हणजे सब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. तिथलं ज्यू संग्रहालय शनिवारी उघडतच नाही, आणि विद्यार्थ्यांच्या सहली बहुतेक शनिवारीच असतात.

पुढच्या मार्चमध्ये रविवार बघून एकटाच रेल्वेनं गेलो. दारात पुरुषांना डोक्यावर ठेवायला कागदी टोपी देतात. संग्रहालयातल्या पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या (आजच्या चेकमधल्या) जवळजवळ ८० हजार ज्यूंची नावं हातानं लिहिली आहेत. आडनाव लाल, नाव आणि तारखा काळ्या. लांबून भिंत नुसती राखाडी दिसते, जवळ गेलं की अक्षरं होतात. एका आडनावाखाली चार नावं होती, शेवटच्याचा जन्म १९३८ चा. १९६८ मध्ये ओल येते म्हणून ही जागा बंद केली आणि नावं गेली. १९९२ ते ९६ मध्ये सगळी पुन्हा लिहिली. वरच्या मजल्यावर नाझींच्या तेरेझिन छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार त्यांना शिकवायची. १९४४ मध्ये आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेण्याआधी तिनं सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसांत भरून लपवली. त्यातलं एक मी बराच वेळ बघत होतो: एका खोलीत तीनमजली पलंग, आणि खिडकीला काळजीपूर्वक काढलेला पडदा.

परतीच्या गाडीत उजव्या खिडकीशी बसलो होतो. तासाभरानं बोहुशोव्हित्से नावाचं एक लहान स्टेशन न थांबता मागे गेलं. छावणीची सुरुवातीची दीडेक वर्षं कैद्यांना इथेच उतरवून सामानासकट तेरेझिनपर्यंत चालवत नेत. आमची सहलीची बसही याच भागातून गेली होती, आम्ही झोपलेलो असताना.